आधी सेल, मग मशीन

श्रवणयंत्रांची माहितीपत्रके साधारण एकाच क्रमाने लिहिलेली असतात. आधी यंत्राचा चकचकीत फोटो, मग चॅनेलची संख्या, मग ब्लूटूथ, मग ते कानात दिसतसुद्धा नाही याची ग्वाही, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत बॅटरीचा आकार. या पुस्तिकेत तो क्रम मुद्दाम उलटा केला आहे. पहिले प्रकरण बॅटरीचे, म्हणजे दुकानात आणि घरात सगळे ज्याला ‘सेल’ म्हणतात त्याचे आहे. यंत्रांचे प्रकार त्यानंतर येतात, त्यांतली करामत त्याहून पुढे, आणि किंमत सर्वांत शेवटी. असे का, हे सांगणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

कानाचे मशीन घेतलेले आहे, पण ते कानात नसून कपाटाच्या खणात आहे, अशी दोन-चार घरे तरी प्रत्येकाच्या ओळखीत सापडतील. चौकशी केली तर यंत्र बिघडलेले क्वचितच निघते. सेल संपला आणि नवा आणायला कोणाला सवड झाली नाही. आणला तर आजोबांना तो बसवता येईना. बसवला तर शिट्टी वाजू लागली. शिट्टी थांबली तर नुसता कलकलाट ऐकू येऊ लागला. यंत्र निवडताना कानाचा विचार झालेला असतो, खिशाचाही झालेला असतो. बोटांचा, डोळ्यांचा, घराचा आणि हवेचा झालेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाविषयी जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांचे ऐकणे उपचार वा साहाय्य लागावे इतके उणे आहे, आणि ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल अशांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. परवडत नाही, जवळपास मिळत नाही, ही त्याची मोठी कारणे आहेतच. पण ज्यांनी पैसे मोजले त्यांचीही यंत्रे पडून राहतात, आणि ते मात्र टाळता येण्याजोगे आहे.

निवडीआधी तक्रार नीट समजून घ्यायला हवी. वयाबरोबर ऐकणे कमी होते तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण शब्दाची ओळख बरीचशी व्यंजनांवर अवलंबून असते; आणि स, श, च, थ, फ ही व्यंजने नेमकी उंच कंपनांची व हळू आवाजाची. त्यामुळे ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार इथून उगम पावते. घरचे म्हणतात, ‘यांना हवे तेव्हा बरोबर ऐकू येते!’ त्यात लबाडी नसते. शांत खोलीत, समोरासमोर, ओळखीच्या विषयावर बोलताना माणूस गाळलेल्या जागा अंदाजाने भरतो. लग्नाच्या हॉलमध्ये, वाजंत्रीच्या आवाजात ते साधत नाही. आणि समोरच्याने ओरडून सांगितले तर स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने मागेच राहतात.

हे नेमके कोणत्या पट्टीत किती घटले आहे, ते ऑडिओमेट्रीच्या तपासणीत कळते. आवाजबंद खोलीत साधारण २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे एकेक सूर ऐकवतात आणि प्रत्येक सूर किती डेसिबलला प्रथम ऐकू येतो ते आलेखावर मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आतले ऐकणे सामान्य. ३५ पर्यंत घट सौम्य, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यमतीव्र, ८० पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. हा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, हातात आल्याशिवाय यंत्र घेऊ नये. त्याच्याही आधी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाला कान दाखवावेत. कधी सगळा दोष साठलेल्या मळाचा असतो, कधी पडद्याच्या छिद्राचा. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानाचे ऐकणे उतरत असेल तर डॉक्टर आधी, यंत्र नंतर. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाला असेल तर तो तातडीचा आजार समजावा. त्यावर लवकर उपचार मिळाले तर ऐकणे परतण्याची शक्यता असते. आठवडे वाट पाहिली की ती हातची जाते.

आता सेलकडे येऊ. श्रवणयंत्राचा इतिहास हा बराचसा त्याच्या बॅटरीचा इतिहास आहे. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीस हचिसन याने कार्बन मायक्रोफोनवर चालणारे विजेचे श्रवणयंत्र बनवले. ते अंगावर बाळगण्यापेक्षा टेबलावर ठेवण्याच्या लायकीचे होते. पुढे व्हॅक्यूम ट्यूबची यंत्रे आली. त्यांना दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत, एक ट्यूबची तार तापवायला आणि दुसरी जास्त दाबाची. ते ओझे कपड्यांच्या आत बांधून फिरावे लागे. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर वापरणारे पहिले श्रवणयंत्र अमेरिकेत विक्रीला आले. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर, १९५४ मध्ये आला. म्हणजे ज्या शोधाने जगाचे कान बदलले, त्याचे पहिले गिऱ्हाईक कमी ऐकू येणारी माणसे होती. ट्रान्झिस्टरला वीज थोडी लागे, म्हणून सेल लहान झाला. सेल लहान झाला म्हणून यंत्र छातीवरून कानामागे चढले. नंतर बरीच वर्षे पाऱ्याचे बटन सेल चालले. सत्तरच्या दशकात झिंक-एअर सेल आले आणि पाऱ्याच्या विषारीपणामुळे जुने सेल मागे पडत गेले. १९९६ च्या आसपास पूर्ण डिजिटल यंत्रे बाजारात आली, तीही याच झिंक-एअरवर चालत. कानाच्या नळीत आत बसणारे आजचे यंत्रसुद्धा त्याच्या सेलपेक्षा लहान होऊ शकत नाही.

झिंक-एअर सेलची युक्ती मोठी सुरेख आहे. साध्या सेलमध्ये रासायनिक क्रियेचे दोन्ही पदार्थ डबीत भरावे लागतात. इथे एकच भरतात, जस्ताची भुकटी. दुसरा पदार्थ म्हणजे हवेतला प्राणवायू. डबीची जवळजवळ सगळी जागा जस्ताला मिळते, म्हणून एवढासा सेल आठवडाभर चालतो. हवा आत जायला पाठीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी. पट्टी काढली की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. विजेचा पूर्ण दाब यायला थोडा वेळ लागतो, म्हणून पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग सेल यंत्रात घालावा. ही सवय लागली तर ‘नवीन सेलही लवकर संपतो’ ही कुरकुर पुष्कळ कमी होते. एकदा जागा झालेला सेल पट्टी परत चिकटवून झोपत नाही. तो वापरला नाही तरी उतरत राहतो. याचा आणखी एक गुण, जो प्रसंगी अवगुण ठरतो, तो असा की दाब शेवटपर्यंत सुमारे १.४ व्होल्टवर टिकतो आणि मग एकदम कोसळतो. आवाज हळूहळू मंदावत नाही. सूचनेची टूं-टूं होते आणि थोड्या वेळात यंत्र गप्प. म्हणून खिशात किंवा पर्समध्ये एक जादा सेल हवाच. तो सुट्या नाण्यांत किंवा किल्ल्यांत मात्र टाकू नये. धातूला धातू लागून तो उतरतो.

आकार चार, आणि रंगांचा संकेत सगळ्या कंपन्या पाळतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. नंबर मोठा म्हणजे सेल मोठा असे नाही; चढता क्रम १०, ३१२, १३, ६७५ असा आहे. दिवसभर यंत्र लावणाऱ्याला १० नंबर पाच-सहा दिवस पुरतो, ३१२ साधारण आठवडाभर, १३ दहा-बारा दिवस आणि ६७५ दोन आठवड्यांच्या पुढे. यंत्राची ताकद आणि वापर यांवर हे कमी-जास्त होते. फोनवरचे बोलणे किंवा टीव्हीचा आवाज ब्लूटूथने थेट कानात घेतला तर सेल लवकर संपतो. आठवड्याला एक असा हिशेब धरला तरी दोन कानांचे वर्षाला शंभराच्या वर सेल होतात. आपल्या तालुक्याच्या गावी हा आकार मिळतो का, की मुंबई-पुण्याहून मागवावा लागेल, हा प्रश्न म्हणूनच यंत्र घेण्याआधीचा आहे. एकदम वर्षाचा साठा घेणाऱ्याने पाकिटावरची मुदत वाचावी. आणि सेल फ्रिजमध्ये ठेवू नयेत. जास्त टिकतात या समजुतीने पुष्कळ जण ठेवतात. प्रत्यक्षात बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते आणि नुकसानच होते.

हवेवर चालणारा सेल म्हणजे हवामानावरही चालणारा सेल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतली वाफ त्याच छिद्रांतून आत जाते. विदर्भाच्या मे महिन्यात उलट आतला ओलावा बाहेर पडून सेल सुकतो. दोन्हीकडे सेलचे आयुष्य घटते. यंत्रालाही दमट हवा आणि घाम बाधतो: कानामागच्या यंत्राच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज बंद. सिलिका जेलची छोटी डबी, रात्री सेलचे दार उघडे ठेवून यंत्र त्यात ठेवण्याची सवय, आणि नळी फुंकून काढायचा रबरी फुगा, एवढ्याने पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी मिटतात. यांतले काहीही महाग नाही, पण यंत्राबरोबर ते आवर्जून देणारे विक्रेते थोडे.

चार्जिंगच्या लिथियम-आयन यंत्रांनी हा सगळा व्याप कमी केला आहे. रात्री डबीत ठेवायचे, तीन-चार तासांत चार्ज होते, सकाळी कानात घालायचे, दिवस निघतो. ज्यांची बोटे थरथरतात, मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झाली आहे किंवा मोतीबिंदूमुळे सेलची उलटी-सुलटी बाजू कळत नाही, त्यांनी यांचाच विचार आधी करावा. पण ही यंत्रे विजेशी बांधलेली असतात. गावात वीज रात्री-अपरात्री जात असेल, चार्जरची डबी प्रवासात घरीच राहून जात असेल, तर दुसरा दिवस मुका जातो. आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस चालणाऱ्या वारकऱ्याला रोज रात्री चार्जिंगची जागा शोधण्यापेक्षा तपकिरी पट्टीच्या सेलची दोन पाकिटे पिशवीत ठेवणे सोपे. शिवाय आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांत थकते आणि ती बहुधा कंपनीकडूनच बदलून घ्यावी लागते. तेव्हा यांपैकी चांगले कोणते, असा प्रश्न नाही. आपल्या दिवसात कोणते बसते, एवढाच आहे.

सेलच्या धोक्याविषयी पहिल्याच प्रकरणात स्वतंत्र चौकट दिली आहे, ती कोणी वगळू नये. बटन सेल लहान मूल गिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून मुलांच्या यंत्रांना कुलूपबंद दार घ्यावे. पण म्हातारी माणसेही गोळीबरोबर किंवा गोळी समजून सेल गिळतात. सेल आणि औषधाच्या गोळ्या एका डबीत, एका टेबलावर ठेवू नयेत. सेल गिळला, नाकात किंवा कानात अडकला तर वाट न पाहता, उलटी न काढता, थेट रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांत इजा करू शकतो.

इतके झाल्यावर यंत्राच्या आकाराकडे वळणे सोपे जाते, कारण निम्मा निर्णय सेलनेच केलेला असतो. कानाच्या नळीत दडणाऱ्या छोट्या यंत्राला बहुतेकांची पहिली पसंती असते. कारण उघड आहे, ‘ऐकू येत नाही’ हे चारचौघांत दिसू नये. पण त्यात बहुधा १० नंबरचा सेल बसतो, तो सगळ्यांत लहान आणि लवकर संपणारा. मळ आणि घाम यंत्रात शिरतो. तीव्र घटीला पुरेल इतकी ताकद त्यात मावत नाही. आणि गोंगाटात समोरच्याचा आवाज वेगळा काढायला लागणारे दोन मायक्रोफोनही बसत नाहीत. कानामागचे यंत्र दिसते, पण १३ किंवा ६७५ चा सेल घेते, तीव्र घट पेलते, दुरुस्तीला सोपे असते आणि त्याचा मोल्ड कानाच्या मापाने बनवता येतो. त्या मोल्डचे माप चुकले की ती प्रसिद्ध शिट्टी वाजते, कारण बाहेर निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. कानामागचेच, पण स्पीकर बारीक तारेने कानात सोडलेले यंत्र हा आज वयोमानाने आलेल्या घटीसाठी सगळ्यांत चालणारा प्रकार. मात्र स्पीकरच्या टोकाची मळ अडवणारी जाळी वेळोवेळी बदलावी लागते. आणि खिशातले जुने वायरचे यंत्र अजून निकालात निघालेले नाही. त्याची बटणे मोठी असतात आणि त्याचा पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो. ज्याच्या घरी मदतीला कोणी नाही, त्याला हे गुण छोटे नाहीत.

चॅनेलच्या संख्येबद्दल या पुस्तिकेत मोजकेच लिहिले आहे. चार चॅनेलपेक्षा आठ बरे, हे अनेकदा खरे असते. आठापेक्षा चोवीस तिप्पट बरे, हे कधीच खरे नसते. यंत्राहून मोठा फरक पडतो तो ते बसवण्याच्या कामाने. नंबर काढला, काच घातली, दिसू लागले, असे चष्म्याचे असते. श्रवणयंत्राचे तसे नाही. ऑडिओग्रामवरून कोणत्या पट्टीचा आवाज किती वाढवायचा हे सूत्राने ठरते. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचे सूत्र जगभर वापरात आहे. पण प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, म्हणून पडद्याजवळ बारीक नळी ठेवून तिथे प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजले तर बसवणी पक्की होते. ही सोय ज्या ठिकाणी आहे, तिथे मधल्या किमतीचे यंत्रसुद्धा महागड्याला मागे टाकते. बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे विचारायला संकोचू नये. दोन्ही कान उणे असतील तर शक्यतो दोन यंत्रे घ्यावीत. आवाज कुठून आला हे कळायला आणि गोंगाटात बोलणे निवडायला मेंदूला दोन्ही बाजूंची बातमी लागते.

आणि मग सवयीचे आठवडे. पहिल्या दिवशी नळाची धार, पंखा, वर्तमानपत्राची चुरचुर, स्वतःचाच आवाज, सगळे अंगावर येते. मेंदूने हे आवाज कित्येक वर्षांत ऐकलेले नसतात. कोणते बाजूला सारायचे हे तो नव्याने शिकतो. सुरुवात घरात, एका माणसाशी बोलण्यापासून करावी, लग्नाच्या मांडवापासून नव्हे. घरच्यांचेही काम असते: हाक मारून, समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, न ओरडता बोलायचे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दोन-तीनदा प्रोग्रॅमिंग बदलून घ्यावे लागते, आणि ते किमतीत धरलेले आहे का, हे आधी ठरवून घ्यावे.

पैशाचे प्रकरण शेवटी असले तरी ते टाळलेले नाही. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. दिव्यांगांना साधनांसाठी मदत करणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे, आणि मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणी आणि यंत्रे या दोन्हींसाठी ओळखली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’ या व्याख्येत बसते, ७० पासून पुढे कर्णबधिर. बऱ्याच सवलती या आकड्यांवर ठरतात. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी ३,००० रुपये मिळतात आणि त्या साहित्यात श्रवणयंत्र आहे. या रकमेत डिजिटल जोडी येत नाही, पण साधे यंत्र किंवा वर्षभराचे सेल यांना हातभार लागतो. यंत्राची तुलना करताना नुसती किंमत पाहू नये. यंत्र, पाच वर्षांचे सेल किंवा एकदा बदलायची बॅटरी, मोल्ड, जाळ्या, दुरुस्ती, असा सगळा आकडा मांडावा. स्वस्त दिसलेले यंत्र कधी महाग ठरते, कधी महाग वाटलेले परवडते.

‘मशीन लावले नाही तर स्मृतिभ्रंश होईल’ असे भय हल्ली विक्रीसाठी वापरले जाते, त्याबद्दलही सांगायला हवे. ऐकणे कमी होणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध संशोधकांनी गंभीरपणे घेतला आहे. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीत, ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांमध्ये, तीन वर्षांनंतर यंत्रामुळे सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. हे आशादायक आहे, धमकी देण्याजोगे नाही. नातवाचे बोलणे कळावे, फोनवर औषधवाल्याशी स्वतः बोलता यावे, ही कारणे यंत्र घ्यायला पुरेशी आहेत.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. ऑडिओग्राम हातात असेल तर दुसऱ्या प्रकरणापासून त्याच्याशी ताडत वाचा. यंत्र घरात पडून असेल तर शिट्टी आणि ओलाव्याची प्रकरणे आधी घ्या. नवे यंत्र घेणार असाल तर पहिले प्रकरण वाचूनच दुकानात जा. तिथे ज्याच्या कानात यंत्र बसणार आहे त्याला खुर्चीत बसवा आणि त्याच्याच हाताने, त्याच्या चष्म्यासकट किंवा त्याशिवाय, तीनदा सेल काढून घालून बघा, किंवा चार्जरच्या डबीत यंत्र नीट बसवून बघा. जमले नाही तर दुसरा प्रकार मागा. त्यासाठी वेळ द्यायला तयार नसलेल्या दुकानातून, सूट कितीही मोठी असो, रिकाम्या हाताने परत यावे.